नाशिक लेण्यांतील ब्राह्मी अक्षरवळण

नाशिक लेण्यांतील ब्राह्मी अक्षरवळण म्हणजे नाशिकजवळील त्रिरश्मी डोंगरावरील बौद्ध लेण्यांत (पांडवलेणी) कोरलेल्या शिलालेखांतील अक्षरांची विशिष्ट घडण होय. उभ्या रेषांची वरची टोके रुंदावत जाऊन तेथे पाचरीसारखे ठळक शीर्ष तयार होणे, हे या वळणाचे प्रमुख लक्षण आहे. पाश्चात्त्य मुद्राक्षरकलेत टोकाकडे अशा प्रकारे पसरत जाणाऱ्या रेषेला पसरते सेरिफ म्हणतात. भारतीय पुराभिलेखविद्येत तिला शीर्षचिन्ह किंवा शिरोमात्रा अशी नावे आहेत. इ.स.पू. पहिल्या शतकापासून इ.स. तिसऱ्या शतकापर्यंतचे लेख या एकाच डोंगरावर असल्याने शीर्षचिन्हाचा उदय आणि त्याची वाढ येथे क्रमाने पाहता येते. देवनागरीतील शिरोरेषेचा आरंभ याच शीर्षचिन्हात शोधला जातो. हे रूप दगडावर अवतरले असले, तरी त्याचे मूळ छिन्नीत नसून लेखणीत आहे, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. लेखांतील मजकूरही दगडावर कोरण्यापूर्वी लिखित दस्तऐवज अस्तित्वात असल्याचे सांगतो.

## संज्ञा

अक्षरातील मुख्य रेषेच्या टोकाला असलेल्या लहान जोडरेषेस किंवा फुगवट्यास सेरिफ म्हणतात. सेरिफचे अनेक प्रकार आहेत. काही अक्षरांत रेषेच्या टोकावर वेगळी आडवी पट्टी बसवल्यासारखी दिसते. पसरत्या सेरिफमध्ये अशी पट्टी नसते. मूळ रेषाच टोकाकडे हळूहळू रुंद होते. त्यामुळे रेषा कोठे संपली आणि सेरिफ कोठे सुरू झाले, हे नेमके दाखवता येत नाही.

नाशिकच्या लेखांतील शीर्षचिन्ह या दुसऱ्या प्रकारचे आहे. त्याचा आकार उलट्या पाचरीसारखा किंवा लहान त्रिकोणासारखा असून रुंद बाजू वर असते. लॅटिन अक्षरांत सेरिफ सामान्यतः रेषेच्या वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही टोकांना असते. ब्राह्मीत मात्र ते मुख्यतः वरच्या टोकाला असते. खालचे टोक साधे राहते किंवा वळून संपते. या फरकामुळे अक्षराचा दृश्य भार वरच्या बाजूला एकवटतो आणि ओळ वरून बांधल्यासारखी दिसते.

## स्थळ आणि काळ

त्रिरश्मी लेणी नाशिक शहराच्या नैर्ऋत्येस सुमारे ८ किलोमीटर अंतरावर मुंबई–आग्रा महामार्गाजवळ आहेत. डोंगराचे प्राचीन नाव लेखांमध्ये ‘तिरण्हु’ असे येते. बेसाल्टच्या कातळात खोदलेल्या या २४ लेण्यांपैकी क्रमांक ३, १०, १८, १९ आणि २० ही लेणी अक्षरांच्या अभ्यासासाठी विशेष महत्त्वाची आहेत.

* लेणे क्र. १९ : सातवाहन राजा कण्ह (कृष्ण) याच्या कारकिर्दीत एका महामात्राने हे लेणे करविल्याचा लेख. डोंगरावरील सर्वांत जुन्या लेखांत त्याची गणना होते. त्यातील अक्षरे जुन्नरजवळील नाणेघाटाच्या लेखातील अक्षरांशी जवळीक दाखवतात.
* लेणे क्र. १८ (चैत्यगृह) : दर्शनी भागावरील लेखात नाशिककरांनी दिलेल्या धंभिक गावाच्या दानाची नोंद आहे. ‘नासिक’ हे स्थलनाम या लेखात येते.
* लेणे क्र. १० : क्षहरात क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात (ऋषभदत्त) आणि त्याची पत्नी दक्षमित्रा यांचे लेख. त्यांत ४१, ४२ आणि ४५ या वर्षांचे उल्लेख आहेत. ही वर्षे शक संवताची मानावीत की नहपानाच्या राज्यकालाची, याविषयी मतभेद आहेत.
* लेणे क्र. ३ : गौतमीपुत्र सातकर्णीच्या १८ व्या आणि २४ व्या वर्षांच्या आज्ञा, तसेच वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या १९ व्या व २२ व्या वर्षांचे लेख. १९ व्या वर्षाचा लेख गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री हिचा आहे.
* लेणे क्र. २० : यज्ञ सातकर्णीच्या ७ व्या वर्षाचा लेख.

यांशिवाय आभीर राजा ईश्वरसेन याच्या ९ व्या वर्षाचा, इ.स. तिसऱ्या शतकातील लेखही येथे आहे. अशा रीतीने सातवाहन, क्षत्रप आणि आभीर या तीन सत्तांच्या काळातील अक्षरे एकाच प्रकारच्या कातळावर उपलब्ध आहेत. दगड आणि स्थळ समान असल्यामुळे अक्षरांतील फरक हे प्रामुख्याने लेखनाच्या सवयीतील बदल मानता येतात. नाशिकच्या लेखसंग्रहाचे अक्षरशास्त्रीय मोल यातच आहे.

## अक्षरांचे स्वरूप

### शीर्षचिन्ह

इ.स.पू. तिसऱ्या शतकातील अशोककालीन ब्राह्मीत रेषांची जाडी जवळजवळ सर्वत्र सारखी असते. ‘क’ अधिकचिन्हासारखा, ‘ग’ उलट्या कोनासारखा, ‘ठ’ वर्तुळासारखा आणि ‘र’ साध्या उभ्या रेषेसारखा असतो. या अक्षरांना शीर्षचिन्ह नसते. कण्ह राजाच्या लेखातील अक्षरे या साध्या रूपापासून फार दूर गेलेली नाहीत.

उषवदाताच्या लेखांत चित्र बदललेले दिसते. उभा दांडा असलेल्या अक्षरांची वरची टोके स्पष्टपणे जाड होतात. ‘क’, ‘त’, ‘न’, ‘प’, ‘र’, ‘व’, ‘स’ अशा अक्षरांच्या माथ्यावर पाचर दिसते. ‘प’, ‘स’ यांसारख्या ज्या अक्षरांत दोन उभ्या रेषा वर येतात, त्यांत दोन्ही रेषांची उंची समान करण्याकडे कल दिसतो. ‘ठ’ आणि ‘थ’ या वर्तुळाकार अक्षरांना किंवा ठिपक्यांनी बनलेल्या ‘इ’ या स्वराला वर येणारा दांडाच नाही; त्यामुळे त्यांना शीर्षचिन्ह मिळत नाही. शीर्षचिन्ह हे अक्षरावर नंतर चढवलेले अलंकरण असते, तर ते या अक्षरांवरही बसवता आले असते. ते केवळ दांड्याच्या आरंभी येते, यावरून त्याचा संबंध रेषा सुरू करण्याच्या कृतीशी असल्याचे लक्षात येते.

### वळणे आणि कोन

शीर्षचिन्हासोबत अक्षरांच्या अंगातही बदल घडले. ‘ग’ आणि ‘त’ यांतील टोकदार कोन गोलावले. उलट ‘व’ आणि ‘म’ यांच्या खालच्या गोलाकार भागाला हळूहळू त्रिकोणी रूप आले. ‘क’ आणि ‘र’ यांचे दांडे खाली लांबून डावीकडे वळू लागले. ईश्वरसेनाच्या लेखापर्यंत ही वळणे अधिक लांब आणि डौलदार होतात. अक्षराचा वरचा भाग ठळक आणि स्थिर, तर खालचा भाग मोकळा, असा समतोल यातून निर्माण झाला.

### जोडाक्षरे

उषवदाताचा लेणे क्र. १० मधील दीर्घ लेख संस्कृतप्रचुर भाषेत आहे, तर सातवाहनांचे लेख प्राकृतात आहेत. संस्कृतात जोडाक्षरे अधिक येतात. ब्राह्मीत जोडाक्षरातील दुसरे व्यंजन पहिल्याच्या खाली लिहिले जाते. त्यामुळे ओळीतील अक्षरे खालच्या बाजूस कमीअधिक लांब होतात. शीर्षचिन्ह मात्र केवळ वरच्या व्यंजनाला राहते. परिणामी ओळीचा खालचा काठ अनियमित, तर वरचा काठ सरळ दिसतो. अक्षरे आधाररेषेवर उभी राहण्याऐवजी माथ्याच्या रेषेला लटकतात, हे भारतीय लिपींचे वैशिष्ट्य या लेखांतच ठळकपणे जाणवते.

### अंकचिन्हे

नाशिकचे लेख प्राचीन अंकचिन्हांसाठीही प्रसिद्ध आहेत. अंकांच्या इतिहासावरील ग्रंथांतील तुलनात्मक तक्त्यांत ‘नाशिक’ असा स्वतंत्र स्तंभ बहुधा आढळतो. या पद्धतीत शून्य आणि स्थानमूल्य नाही. दहा, वीस, चाळीस, सत्तर, शंभर, हजार यांसाठी वेगवेगळी चिन्हे असून हजाराच्या चिन्हाला दुसरे चिन्ह जोडून २०००, ३०००, ४०००, ८००० आणि ७०,००० या संख्या लिहिल्या आहेत. एका चिन्हाला जोडलेली छोटी रेषा चुकीची वाचली, तर रकमेत हजारोंचा फरक पडू शकतो. त्यामुळे या ठिकाणी रेषेचा स्पष्ट आरंभ आणि स्पष्ट शेवट यांना व्यावहारिक महत्त्व होते.

## उगम : लेखणी आणि छिन्नी

शीर्षचिन्हाच्या उगमाविषयी सर्वाधिक स्वीकारले गेलेले स्पष्टीकरण लेखणीशी निगडित आहे. बोरूसारख्या लेखणीने शाईत रेषा ओढताना लेखणी प्रथम टेकते, क्षणभर थांबते आणि मग खाली सरकते. टेकण्याच्या जागी शाई अधिक उतरते आणि टोक जाड होते. लेखणीचे टोक चपटे छाटलेले असेल, तर तेथे तिरपी पाचर उमटते. ही सवय सार्वत्रिक झाल्यावर जाड टोक हे अक्षराच्या ओळखीचाच भाग बनले. पुढे कोरक्यानेही ते दगडावर जसेच्या तसे उतरवले. पुराभिलेखविद्येचे अभ्यासक अहमद हसन दाणी यांनी इ.स.च्या आरंभीच्या शतकांतील ब्राह्मीच्या रूपांतरामागे रुंद टोकाच्या लेखणीचा प्रभाव विशेषत्वाने मांडला. मथुरेतील क्षत्रपकालीन लेखांतही याच सुमारास पाचरीसारखी शीर्षे आढळतात.

दगडाच्या दृष्टीने पाहता शीर्षचिन्ह कोरणे हे अधिकचे काम होते. साधी रेषा छिन्नीच्या सरळ घावांनी पूर्ण होते. रुंद शीर्षासाठी टोकाशी आणखी दगड काढावा लागतो. बेसाल्ट कठीण असून त्यात ठिकठिकाणी पोकळ्या असतात. तरीही पाथरवटांनी हे काम केले, यावरून त्यांच्यासमोर शाईने लिहिलेला किंवा भिंतीवर आखलेला नमुना असावा असा निष्कर्ष निघतो.

या निष्कर्षाला लेखांच्या मजकुराचा आधार मिळतो. गौतमीपुत्राच्या १८ व्या वर्षाच्या लेखानुसार राजाज्ञा प्रथम तोंडी दिली गेली, अमात्य शिवगुप्त याने ती लिहिली आणि त्यानंतर पट्टिका तयार करून दिली गेली. उषवदाताच्या लेखात त्याचे दान निगमसभेत वाचून दाखवल्याचा आणि फलकांवर नोंदवल्याचा उल्लेख आहे. भिंतीवरील लेख ही अशा प्रकारे दस्तऐवजाची अखेरची, सर्वांत टिकाऊ प्रत होती. मूळ पट्टिका आणि फलक नष्ट झाले. त्यांवरील लेखणीची लकब मात्र दगडातील शीर्षचिन्हांच्या रूपाने शिल्लक राहिली.

## उपयोग

### दानपत्रे

उषवदाताने वर्ष ४२ मध्ये भिक्षुसंघाला लेणे दिले आणि त्यासोबत ३००० कार्षापणांची अक्षयनीवी, म्हणजे मुद्दल कायम ठेवून केवळ व्याज वापरायची ठेव स्थापन केली. गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे २००० कार्षापण दरमहा शेकडा १ व्याजाने आणि दुसऱ्या श्रेणीकडे १००० कार्षापण दरमहा शेकडा पाऊण व्याजाने ठेवले. पहिल्या ठेवीचे वार्षिक व्याज २४० कार्षापण होते. लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंपैकी प्रत्येकाला चीवरासाठी १२ कार्षापण द्यावेत, असे लेख सांगतो. वीस गुणिले बारा म्हणजे नेमके २४०. याच लेखात ७०,००० कार्षापण म्हणजे २००० सुवर्ण, एका सुवर्णास ३५ कार्षापण, असा हिशेबही दिला आहे. तोही तंतोतंत जुळतो.

या आकडेमोडीवरून लेखाचे प्रयोजन स्पष्ट होते. दात्याचे नाव अजरामर करणे एवढाच त्याचा हेतू नव्हता. दरवर्षी पावसाळ्यात कोणाला किती मिळायचे, मुद्दल कोणाकडे आहे आणि व्याजाचा दर काय आहे, हे पिढ्यान्पिढ्या वाचता यावे म्हणून ते कोरले गेले. ईश्वरसेनाच्या काळातील लेखातही आजारी भिक्षूंच्या औषधोपचारासाठी विष्णुदत्ता या उपासिकेने श्रेणींकडे ठेवलेल्या रकमा नोंदवल्या आहेत.

### राजाज्ञा

गौतमीपुत्र सातकर्णीने १८ व्या वर्षी गोवर्धन येथील अमात्य विष्णुपालित याला आज्ञा पाठवली. पश्चिम कखडी गावातील, पूर्वी उषवदाताच्या ताब्यात असलेले २०० निवर्तने क्षेत्राचे शेत तिने त्रिरश्मी डोंगरावरील भिक्षूंना दिले. या जमिनीत राजपुरुषांनी प्रवेश करू नये, ढवळाढवळ करू नये, मिठासाठी ती खोदू नये, असे परिहारही तिला लागू केले.

सहा वर्षांनी, २४ व्या वर्षी, दुसरी आज्ञा निघाली. कखडी गाव ओस पडले होते आणि शेत कसले जात नव्हते. म्हणून नगराच्या सीमेवरील राजाच्या मालकीच्या जमिनीपैकी १०० निवर्तने भिक्षूंना देण्यात आली. ही दुसरी आज्ञा पहिल्या आज्ञेला लागूनच कोरलेली आहे. पहिला लेख पुसून टाकलेला नाही. दान, त्याचे अपयश आणि त्यावरील दुरुस्ती हे तिन्ही एकाच भिंतीवर वाचता येते.

हे लेख लेण्यांच्या ओसरीत, बहुतांशी डोळ्यांच्या उंचीच्या वर आणि छताच्या सावलीत आहेत. तेथे प्रकाश समोरून न येता बाजूने किंवा खालून परावर्तित होऊन येतो. अशा प्रकाशात बारीक रेषेचे टोक कातळात विरून जाते. रुंद शीर्षात सावली अधिक साठते. त्यामुळे अक्षराचा आरंभ आणि दोन अक्षरांमधील अंतर ओळखणे सोपे होते.

### नाणी

नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे १९०६ मध्ये नहपानाच्या चांदीच्या १३,००० हून अधिक नाण्यांचा साठा सापडला. त्यांपैकी दोनतृतीयांशांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटवला होता. नहपानाच्या नाण्यांवर ग्रीक, ब्राह्मी आणि खरोष्ठी अशा तीन लिपींतील लेख आहेत. नाण्याच्या काठाने फिरणाऱ्या लेखासाठी जागा फार थोडी असते आणि ठसा अनेकदा अर्धवट उमटतो. तेथे अक्षरे लहान, जाड आणि आखूड होतात. एकाच काळातील अक्षर भिंतीवर आणि धातूवर किती वेगळे दिसू शकते, याची तुलना नाशिक परिसरातील या दोन साधनांवरून करता येते.

## शिरोरेषेकडे वाटचाल

नाशिकच्या लेखांत प्रत्येक अक्षराचे शीर्ष स्वतंत्र आहे. शेजारच्या अक्षराच्या शीर्षाशी ते जोडलेले नाही. पुढील शतकांत प्रदेशानुसार शीर्षाची निरनिराळी रूपे विकसित झाली. विदर्भातील वाकाटकांच्या ताम्रपटांत शीर्षाच्या जागी लहान चौकोनी पेटी येते. या वळणाला पेटिकाशीर्षक म्हणतात. काही लेखांत शीर्ष खिळ्याच्या डोक्यासारखे होते. त्याला कीलशीर्षक म्हणतात. उत्तर भारतातील सिद्धमातृका लिपीत पाचरीसारखे शीर्ष रुंद होत गेले. नागरीत ते आडव्या रेषेत रूपांतरित झाले आणि अखेरीस शेजारच्या अक्षरांच्या रेषा एकमेकींना मिळाल्या.

राष्ट्रकूट काळापासून दख्खनमध्ये नागरीचा वापर दिसू लागतो. मराठीतील आद्य शिलालेखांपैकी एक मानला जाणारा अक्षी येथील लेख (शके ९३४, इ.स. १०१२) नागरीत आहे. नाशिक जिल्ह्यातच अंजनेरी येथे यादव राजा सेउणचंद्र याचा बाराव्या शतकातील लेख आहे. त्रिरश्मी डोंगर आणि अंजनेरी यांमधील अंतर थोडे असले, तरी अक्षररूपात सुमारे हजार वर्षांचा प्रवास झालेला दिसतो.

मोडी लिपीत हा क्रम उलटला. मोडी लिहिताना आधी कागदाच्या संपूर्ण रुंदीवर शिरोरेषा आखून घेतली जाते आणि नंतर तिच्याखाली अक्षरे लिहिली जातात. जी रेषा अक्षराच्या टोकातून जन्मली, ती येथे अक्षराच्या आधी येऊ लागली. गुजराती लिपीने मात्र छपाईत शिरोरेषा पूर्णपणे टाकून दिली.

## अन्य लिपींतील समांतर उदाहरणे

ग्रीक शिलालेखांत रेषांची टोके पाचरीसारखी रुंदावण्याची प्रवृत्ती इ.स.पू. चौथ्या शतकात दिसते. आशिया मायनरमधील प्रीएने येथील अथेना देवीच्या मंदिरावरील अलेक्झांडरचा अर्पणलेख हे त्याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण आहे. रोममधील ट्राजनच्या स्तंभावरील लेख इ.स. ११३ मधील असून तो सातवाहन–क्षत्रप लेखांना काळाने जवळचा आहे. रोमन सेरिफ छिन्नीमुळे निर्माण झाले, अशी समजूत दीर्घकाळ प्रचलित होती. अमेरिकन अक्षरकार एडवर्ड कॅटिच यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ही अक्षरे आधी चपट्या कुंचल्याने दगडावर रंगवली जात आणि सेरिफ त्या कुंचल्याच्या हालचालीतून आले, असे प्रतिपादन केले. नाशिकच्या शीर्षचिन्हांचे लेखणीमूलक स्पष्टीकरण आणि कॅटिच यांचा सिद्धान्त यांत लक्षणीय साम्य आहे.

विसाव्या शतकात पसरत्या टोकांची अक्षरे छपाईसाठी नव्याने घडवली गेली. बर्थोल्ड वोल्प यांनी १९३० च्या दशकात मोनोटाइप कंपनीसाठी तयार केलेला ‘अल्बर्टस’ हा ठळक मुद्राक्षरसंच धातूच्या फलकांवरील उठावाच्या अक्षरांवर आधारित आहे. अशा फलकांत अक्षराभोवतीचा धातू कोरून काढला जातो, त्यामुळे अक्षर भरदार राहते आणि त्याची टोके किंचित रुंदावतात. पुस्तकांची मुखपृष्ठे आणि लंडन शहरातील रस्त्यांच्या पाट्या यांसाठी अल्बर्टसचा वापर झाला. हेरमान झाप्फ यांना ‘ऑप्टिमा’ या मुद्राक्षराची कल्पना १९५० मध्ये फ्लॉरेन्सच्या सांता क्रोचे चर्चमधील समाधिशिलांवरून सुचली. ते १९५८ मध्ये बाजारात आले. दोन्ही उदाहरणांत अक्षराची प्रेरणा कागदावरून न येता टिकाऊ पृष्ठावरील लेखांतून आली आहे.

## वाचन आणि अभ्यास

१८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेप यांनी ब्राह्मी लिपीचा उलगडा केल्यानंतर पश्चिम भारतातील लेण्यांतील लेखांचे वाचन सुरू झाले. नाशिकच्या लेखांच्या प्रती मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकातून प्रसिद्ध झाल्या. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी १८७४ मध्ये लंडन येथे भरलेल्या प्राच्यविद्या परिषदेसाठी या लेखांवर निबंध लिहिला. भगवानलाल इंद्रजी यांनी नाशिक जिल्ह्याच्या गॅझेटियरसाठी (१८८३) त्यांचे सविस्तर वाचन केले. एमिल सेनार यांनी ‘एपिग्राफिया इंडिका’च्या आठव्या खंडात (१९०५–०६) प्रसिद्ध केलेली आवृत्ती आजही संदर्भासाठी वापरली जाते. गेओर्ग ब्यूलर यांनी १८९६ मधील पुराभिलेखविद्येच्या ग्रंथात आणि गौरीशंकर हीराचंद ओझा यांनी ‘भारतीय प्राचीन लिपिमाला’ या ग्रंथात नाशिकची अक्षरे तक्त्यांत समाविष्ट केली. वासुदेव विष्णु मिराशी यांनी सातवाहन व पश्चिमी क्षत्रप यांच्या कोरीव लेखांवर मराठीत ग्रंथ लिहिला.

बहुतेक अभ्यास शाईच्या ठशांवरून झाला आहे. ओला कागद लेखावर बसवून, ठोकून, वरून शाई लावली की खोदलेली अक्षरे पांढरी आणि पार्श्वभूमी काळी उमटते. ठशावर शीर्षाची रुंदी कळते. घावाची खोली आणि उतार कळत नाही. कातळातील पोकळ्याही ठशावर पांढऱ्या उमटत असल्याने त्या कधी कधी अक्षराचा भाग वाटतात. यासाठी ठसा आणि प्रत्यक्ष भिंत यांची तुलना आवश्यक ठरते.

## मुद्राक्षरे आणि संगणकीय टंक

देवनागरीच्या खिळ्यांत प्रत्येक अक्षराच्या माथ्यावर शिरोरेषेचा स्वतंत्र तुकडा असतो. जुळारी खिळे शेजारी बसवतो तेव्हा या तुकड्यांची सलग रेषा होते. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने एकोणिसाव्या शतकात अशा खिळ्यांच्या सुबक घडणीसाठी ख्याती मिळवली. प्रत्येक अक्षराने आपले शीर्ष स्वतःबरोबर बाळगणे, ही नाशिकच्या लेखांतील मूळ व्यवस्था धातूच्या खिळ्यात अशा प्रकारे पुन्हा दिसते.

ब्राह्मी लिपीचा समावेश युनिकोडच्या ६.० या आवृत्तीत ऑक्टोबर २०१० मध्ये झाला. युनिकोड अक्षराची ओळख निश्चित करते, त्याचे वळण ठरवत नाही. त्यामुळे अशोककालीन आणि सातवाहनकालीन ‘क’ यांना एकच संकेतांक आहे. दोहोंतील फरक दाखवण्याचे काम टंकाचे असते. ‘नोटो सान्स ब्राह्मी’ यासारख्या सहज उपलब्ध टंकांत रेषा सर्वत्र सारख्या जाडीच्या आहेत आणि अक्षररूपे अशोककालीन साध्या ब्राह्मीला जवळची आहेत. अशा टंकात उषवदाताचा किंवा बलश्रीचा लेख छापला, तर मजकूर अचूक राहतो, पण अक्षरांची काळओळख हरपते आणि हे लेख प्रत्यक्षापेक्षा तीन-चार शतकांनी जुने असल्यासारखे दिसतात. वस्तुसंग्रहालये, पाठ्यपुस्तके आणि स्थळावरील माहितीफलक यांत लेखांच्या छायाचित्रांचा किंवा ठशांचा वापर त्यामुळे महत्त्वाचा ठरतो.

त्रिरश्मी लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहेत. कातळाची झीज, पावसाळ्यातील पाझर आणि पृष्ठभागाचे पापुद्रे निघणे यांचा परिणाम कोरीव लेखांवर होतो. अशा झिजेत उथळ बारीक रेषा आधी अस्पष्ट होतात, तर रुंद शीर्षे तुलनेने अधिक काळ टिकतात. झिजलेल्या ओळीत शिल्लक राहिलेल्या शीर्षांच्या अंतरावरून तेथे किती अक्षरे होती याचा अंदाज घेता येतो आणि खंडित मजकुराच्या वाचनाला त्याची मदत होते.